वीज मंडळाच्या प्रेमात पडलेलं गाव

दिवे गेले तेव्हा मी फोडणीच्या भाताला फोडणी घालत होते. बाहेर वीज कडाडली, मायक्रोवेव्हवरचं घड्याळ विझलं, फ्रिजची घरघर थांबली आणि सवयीने मी काडेपेटीसाठी ओट्याचा खण उघडला. खण पुरता उघडायच्या आत दिवे परत आलेसुद्धा. भाचेसून टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती, तिने मानही वर केली नाही. "बसा मावशी," ती म्हणाली, "फांदी पडली असेल कुठेतरी. ईपीबी बघून घेईल."

ईपीबी म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर बोर्ड. आपल्या भाषेत वीज मंडळ. अमेरिकेच्या दक्षिणेत, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा नावाच्या गावात मी २०२४ च्या उन्हाळ्यात पाच आठवडे राहिले. या गावाचे लोक आपल्या वीज मंडळाविषयी ज्या सुरात बोलतात, तो सूर मी आजवर फक्त मुलाला सरकारी नोकरी लागलेल्या आयांच्या तोंडी ऐकला होता. न्हाव्याच्या दुकानात, शेजारच्या व्हरांड्यात, भाजीच्या रांगेत, कुठेही नवा माणूस भेटला आणि "इथे कसं वाटतं?" हे विचारून झालं की पाचव्या मिनिटाला ईपीबीचं नाव निघणार. डोंगर आणि नदी यांचा नंबर त्यानंतर.

गाव म्हणते खरी, पण आहे शहरच. २०२० च्या जनगणनेत वस्ती १ लाख ८१ हजार. म्हणजे साताऱ्याहून मोठं आणि लातूरच्या जेमतेम निम्मं. मात्र पसरलेलं इतकं, की आपल्याकडे तेवढ्या जागेत दोन महानगरपालिका आणि त्यांच्यातला एक वाद आरामात मावेल. टेनेसी नदी इथे बुटासारखा वळसा घालते, म्हणून त्या वळणाला मोकॅसिन बेंड म्हणतात. एका अंगाला लुकआउट माउंटन, दुसऱ्या अंगाला सिग्नल माउंटन, दक्षिणेला दहा-पंधरा मिनिटांवर जॉर्जिया राज्याची हद्द. अटलांटा दोन तास, नॅशव्हिल दोन तास.

माझा भाचा मूळचा साताऱ्याचा. इंजिनिअर झाल्यावर चाकणला गाड्यांचे भाग करणाऱ्या कारखान्यात लागला, तिथून डेट्रॉइटजवळ गेला आणि २०१९ मध्ये बायको-मुलीसह इथे आला. हे स्थलांतर त्याने लग्न जमवावं तसं जमवलं होतं. त्याच्याकडे अजून तो एक्सेलचा तक्ता आहे. सहा शहरं आणि पुढे रकाने: घराची किंमत, कर, शाळा, विमानतळ, थंडी, इंटरनेट, भारतीय किराणा. चॅटनूगाला भारतीय किराण्यात सगळ्यात कमी गुण पडले होते आणि तरीही एकूण बेरजेत ते पहिलं आलं. टेनेसी राज्य पगारावर प्राप्तिकर घेत नाही, हे त्याने मला तीनदा सांगितलं. मात्र दुकानात सव्वानऊ टक्के विक्रीकर लागतो, हे पहिल्यांदा बिल हातात पडल्यावर मला कळलं.

एकदा तो कामावर गेला असताना भाचेसून म्हणाली, "त्याचं ऐकू नका. तक्ता त्याने नंतर केलाय. गाव बघायला आलो ना, त्या दिवशी संध्याकाळी पुलावर गेलो. तिथेच ठरलं."

म्हणून मी पूल बघायला गेले.

वॉलनट स्ट्रीटचा हा पूल १८९१ चा. लोखंडी कमानींचा, निळ्या रंगाचा आणि लांबी २,३७६ फूट. १९७८ मध्ये तो मोडकळीला आला म्हणून वाहतुकीला बंद केला आणि पाडायचंही ठरत आलं होतं. गावकऱ्यांनी अडवलं, पैसे उभे केले आणि १९९३ मध्ये तो फक्त पायी चालणाऱ्यांसाठी पुन्हा उघडला. संध्याकाळी सातच्या सुमाराला पायाखाली लाकडी फळ्या वाजत होत्या. माणसं ज्या वेगाने चालत होती, त्याला आपल्याकडे शतपावली म्हणतात आणि अमेरिकेत शब्दच नाही. एक आजोबा ऑक्सिजनचं नळकांडं ओढत निघाले होते. कॉलेजची पोरं कठड्याला टेकून आइस्क्रीम खात होती. खाली नदीत कुणी उभ्याने वल्ही मारत चाललं होतं. पाच आठवड्यांत मी जे पाहिलं त्यात इतकी वेगवेगळ्या ऐपतीची माणसं एका जागी फुकटात, काहीही विकत न घेता उभी असलेली ही एकच जागा. अमेरिकेत हे दृश्य वाटतं त्यापेक्षा दुर्मीळ आहे. तिथे माणसं एकत्र येतात ती बहुधा मॉलमध्ये, मैदानात तिकीट काढून किंवा चर्चमध्ये.

आज ज्या नदीकाठी लोक घर शोधतात, तिथून पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी ते पळत होते. १९६९ मध्ये केंद्र सरकारच्या पाहणीत हवेतल्या धुळीकाजळीच्या मोजमापात चॅटनूगा देशात सगळ्यात घाणेरडं ठरलं आणि वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी रात्रीच्या बातम्यांत ते सगळ्या देशाला सांगितलं. ओतकामाचे कारखाने, कोक भट्ट्या, रेल्वे आणि शहराच्या पूर्वेला लष्कराचा टीएनटी बनवणारा कारखाना. त्यात चहूबाजूंनी डोंगर, त्यामुळे धूर वाटीत दही लागावं तसा खाली साचून राहायचा.

भाच्याच्या शेजारचे आजोबा ओतशाळेत चाळीस वर्षं होते. कारखाना बंद पडला तेव्हाच निवृत्त झाले. दुपारी ते व्हरांड्यात झुलत्या खुर्चीत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतात, ओळखीची असो की नसो. "माझं शाळेतून आल्यावरचं पहिलं काम खिडक्यांच्या चौकटी पुसायचं," ते म्हणाले. "आई मागून बोट फिरवून बघायची. काळं लागलं की पुन्हा पुसा. दिवसा मोटारींचे दिवे लावायचे. ऑफिसला जाणारे दुपारसाठी दुसरा पांढरा शर्ट घेऊन जायचे." सांगताना त्यांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं आणि पाहिलं. ही लकब मला पुढे अनेकदा दिसली. पेट्रोल पंपावर, दुकानाच्या काउंटरवर, कुठेही.

धूर तुलनेने लवकर आटोक्यात आला. कायदा १९६९ मध्येच झाला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत बहुतेक कारखान्यांनी यंत्रणा बसवल्या. पण हवा स्वच्छ होता होता कामंही गेली. १९८० च्या दशकात शहराने दर दहा माणसांमागे एक माणूस गमावला. १९९० मध्ये वस्ती १,५२,४६६ उरली. संध्याकाळी पाच वाजता भरवस्तीत कुत्रंही दिसायचं नाही, असं आजोबा सांगतात.

यातून बाहेर कसं पडलं, याच्या कहाण्या गावात पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीत सांगणारा स्वतः हजर असतो. कागदोपत्री खरं ते असं: १९८४ मध्ये 'चॅटनूगा व्हेंचर' नावाच्या संस्थेने वीस आठवडे जाहीर बैठका भरवल्या. 'व्हिजन २०००' हे त्याचं नाव. १,७०० च्या वर लोक आले आणि त्यातून चाळीस उद्दिष्टं निघाली. नदीकाठ लोकांना खुला करा, अत्याचार झालेल्या स्त्रियांसाठी निवारा काढा, जुनं नाट्यगृह वाचवा, अशी. पैसा मोठ्या प्रमाणात आला तो कोका-कोलाच्या बाटल्यांतून. १८९९ मध्ये चॅटनूगाच्या दोन वकिलांनी हे पेय बाटलीत भरायचे हक्क एका डॉलरला मिळवले होते. पेयाच्या मालकाला बाटलीत काही दम दिसत नव्हता. त्या व्यवहारातून जी घराणी गब्बर झाली, त्यांपैकी एकाच्या प्रतिष्ठानाने गावात पैसा ओतला. साडेचार कोटी डॉलर खर्चून गोड्या पाण्यातल्या माशांचं मत्स्यालय उभं राहिलं आणि १ मे १९९२ ला, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनी, उघडलं. मासे बघायला मी उत्साहाने गेले नव्हते, पण त्याची रचना मात्र मनात राहिली. डोंगरावर पडलेला पावसाचा थेंब ओढ्याओढ्याने नदीत आणि नदीतून समुद्रात कसा जातो, त्या वाटेने आपणही मजल्यामजल्याने खाली उतरत जातो.

बैठका आपल्याकडेही होतात. फरक काय, असं मी एका निवृत्त शिक्षिकेला विचारलं. त्या तेव्हा तरुण होत्या आणि जवळजवळ सगळ्या बैठकांना गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही बाहेरून कुणाला बोलवावं यावर चर्चाच केली नाही. आम्हाला काय हवंय, तेवढंच विचारलं होतं." पुढे गावातही बाहेरच्यांना बोलवायचे प्रयोग झाले. २०१२ च्या सुमाराला संगणकवाल्यांना इथे घर घ्यायला आर्थिक मदत देऊ केली होती आणि त्याआधी कलावंतांनाही. गावातल्या डिझायनरांनी शहरासाठी चॅटाइप नावाचा खास अक्षरटंकही घडवला. पण भाचेसुनेला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पुलाला भुलली होती आणि पूल गावाने स्वतःसाठी वाचवला होता.

तारांची गोष्टही तशीच, फक्त जास्त भांडणाची.

१९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी काढली. पुराने पिचलेल्या, अंधारात बसलेल्या खोऱ्यात धरणं बांधायची, पूर आवरायचा, वीज करायची आणि ती स्वस्तात द्यायची, असा तो कार्यक्रम. चॅटनूगाच्या वेशीवरचं चिकामॉगा धरण १९४० चं. इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावं. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे पाटबंधारे आणि विजेचे प्रश्नही होते. दामोदर नदीच्या पुराचा विचार करताना त्यांनी याच टेनेसी खोऱ्याचा नमुना पुढे धरला. एक खोरं, एक प्राधिकरण, आणि पूर, सिंचन, वीज यांचा एकत्र विचार. टेनेसीतले अभियंता व्हुर्डुइन यांनी भारतात येऊन प्राथमिक आराखडा केला आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झालं. धरणाच्या भिंतीवर उभी राहून मी हे भाच्याच्या मुलीला सांगितलं. तिने विचारलं, "मग तिकडे पण गिगाबिट इंटरनेट आहे?"

टेनेसीची वीज गावात वाटायची कुणी, यावर तेव्हा मोठी लढाई झाली. खासगी वीज कंपनीला ते नको होतं. चॅटनूगाने १९३५ मध्ये स्वतःचं मंडळ काढलं, तेच हे ईपीबी. १९३९ मध्ये खासगी कंपनीने गाशा गुंडाळला आणि तारा गावाच्या झाल्या. पुढची सत्तर वर्षं या मंडळाने काही जगावेगळं केलं नाही, नेमाने वीज दिली. मग या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ठरवलं की खांब आपले, तारा आपल्या, बिल पाठवायची सोय आपली, तर त्याच खांबांवरून प्रकाशतंतू न्यायला काय हरकत? केबल कंपन्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. केंद्राकडून ११ कोटी १५ लाख डॉलरचं अनुदान आलं, विजेचं जाळं शहाणं करण्यासाठी. २०१० मध्ये ईपीबीने आपल्या सहाशे चौरस मैलांच्या हद्दीत प्रत्येक घराला सेकंदाला एक गिगाबिट वेगाचं इंटरनेट देऊ केलं. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलंच. सुरुवातीला महिन्याला ३५० डॉलर पडायचे, पुढे ७० झाले. आता २५ गिगाबिटपर्यंत मिळतं. त्याचं घरात काय करायचं, हे मला कुणालाच नीट सांगता आलं नाही.

पण जाळं फक्त इंटरनेटसाठी नव्हतंच, आणि त्या रात्री माझा फोडणीचा भात वाचला तो यामुळेच. ताऱ्यांसारखे पसरलेले सुमारे बाराशे स्वयंचलित स्विच एकमेकांशी प्रकाशतंतूंवरून बोलतात. एका ठिकाणी तार तुटली की शेजारचे स्विच तेवढाच तुकडा वेगळा काढतात आणि वीज दुसऱ्या वाटेने फिरवतात. माणूस गाडी काढून निघायच्या आत बऱ्याच घरांत वीज परत आलेली असते आणि त्यांना पत्ताही लागत नाही. इथल्या विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ बेंटो लोबो यांनी पहिल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला: जाळ्याचा फायदा २६९ कोटी डॉलर आणि साडेनऊ हजार नोकऱ्या. त्या हिशेबात टळलेला अंधार हीसुद्धा मोठी रक्कम आहे. २०२० मध्ये करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा गरीब घरांतल्या सुमारे २८ हजार मुलांना मोफत जोडणी द्यायची योजना जुलैतच उभी राहिली. तारा दारापर्यंत आधीच पोचल्या होत्या.

यातली मेख अशी, की हे सुख हद्दीवर थांबतं. ज्या भागाला ईपीबी वीज देत नाही तिथे इंटरनेटही विकायचं नाही, असा राज्याचा कायदा आहे. केंद्रीय दळणवळण आयोगाने २०१५ मध्ये तो बाजूला सारला, २०१६ मध्ये न्यायालयाने पुन्हा लागू केला. त्यामुळे सरकारी कामात लुडबूड नको म्हणणाऱ्या या राज्यात सगळ्यात लाडकी संस्था सरकारी आहे, आणि तिची सेवा वेशीपलीकडच्या शेतकऱ्याला मिळत नाही ती सरकारनेच अडवली म्हणून. भाच्याच्या तक्त्यात एक रकाना कराचा होता. माझं मत विचाराल तर तो रकाना फसवा आहे. कर नसलेली शहरं दक्षिणेत पुष्कळ आहेत. माणूस इथे रमतो ते गावाने सामाईक मालकीत ठेवलेल्या दोन-चार गोष्टींमुळे, पण घर विकणाऱ्याच्या जाहिरातीत त्यांना एक ओळही नसते.

टीएनटीचा कारखाना गेला, त्या जागेवर आता फोक्सवॅगन आहे. २००८ मध्ये कंपनीने चॅटनूगा निवडलं तेव्हा राज्य आणि स्थानिक सरकारांनी मिळून ५७ कोटी डॉलरच्या वर सवलती दिल्या. २०११ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. त्याच कंपनीचा चाकणचा कारखाना २००९ चा, म्हणजे भाचा ज्या दोन गावांत रुळला ती दोन्ही एका अर्थी जुळी भावंडं. दक्षिणेत येणाऱ्या कारखानदारांना जे सांगितलं जातं त्यात स्वस्त जमीन, स्वस्त वीज आणि युनियन नाही, हे तीन मुद्दे ठरलेले. २०१४ मध्ये इथल्या कामगारांनी युनियनविरुद्ध कौल दिला, ७१२ विरुद्ध ६२६. २०१९ मध्ये पुन्हा विरुद्ध, फरक आणखी कमी. एप्रिल २०२४ मध्ये निकाल फिरला: बाजूने २,६२८ आणि विरुद्ध ९८५. मी गेले तेव्हा त्याला दोन महिने झाले होते आणि लोक त्यावर निवडणुकीसारखे बोलत होते. "काय बदललं?" असं मी तिथल्या एका जोडणी कामगाराला विचारलं. तो ओहायोहून आलेला. तो म्हणाला, "माणसं बदलली. अर्धे आम्ही बाहेरचे." मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. जुन्या गावकऱ्यांनीही मतं दिली असणारच. पण नव्या माणसांना बोलावताना ती फक्त कर आणि डोंगरच बघतील, आपल्या सवयी घरी ठेवून येतील, असं कुणी धरलं असेल तर त्याचा हिशेब चुकला एवढं खरं.

आता राहण्याचं.

उन्हाळा रत्नागिरीसारखा. अंगाला शर्ट चिकटतो आणि पाऊस वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास. संध्याकाळी अंगणात काजवे. गवतात गोचिड्या, म्हणून सॉक्स पँटवर ओढून फिरायचं. गाडी चालवता येत नसेल तर तुम्ही पांगळे. मी चालवत नाही, तेव्हा भाच्याच्या सवडीवर जगले. भरवस्तीत विजेवर चालणाऱ्या मोफत बस १९९२ पासून आहेत, पण त्या फुकट गाडीपर्यंत जायला आधी गाडी लागते. एक दिवस मी म्हटलं, अटलांटाला आगगाडीने जाऊ. 'चॅटनूगा चू चू' हे १९४१ चं गाणं जगाला माहीत, गावात भव्य स्टेशन आहे, डबे उभे आहेत. भाचा म्हणाला, "मावशी, गाणं आहे. गाडी नाही." त्या स्टेशनातली प्रवासी गाडी १९७० मध्ये बंद झाली आणि स्टेशनाचं हॉटेल झालं.

बोलणं गोड. "यॉल" आणि "मॅम" शिवाय वाक्य नाही. "ब्लेस युअर हार्ट" हा आशीर्वाद नसून आपल्या "अगं बाई, बिचारी" या सुरातला टोमणा असतो, हे भाचेसुनेला दोन वर्षांनी कळलं. नव्या माणसाला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "तुम्ही कुठल्या चर्चला जाता?" २०१४ मध्ये अमेरिकन बायबल सोसायटीने चॅटनूगाला देशातलं सगळ्यात बायबलनिष्ठ शहर ठरवलं होतं. उत्क्रांती शिकवल्याबद्दल शिक्षकावर १९२५ मध्ये जो खटला भरला गेला, ते डेटन गाव इथून फक्त चाळीस मैलांवर. भाचेसून आता सांगते, "आमचं देऊळ अटलांटाला," आणि समोरच्याला ते पटतं. दूरचं का होईना, काहीतरी आहे म्हटल्यावर माणूस निश्चिंत होतो. दुसरा प्रश्न, "कुठल्या शाळेत होता?" शाळा म्हणजे हायस्कूल, आणि गावातल्या तीन-चार जुन्या खासगी शाळांपैकी कुठली, हे त्यात अध्याहृत. पुण्यात पेठ विचारतात, तसंच हे. "सातारा" या उत्तरापुढे संभाषण थांबतं.

शाकाहारी माणसाची गंमत वेगळीच. इथल्या खानावळीत 'एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या' असं ताट मिळतं. मी म्हटलं, मांस नको, चार भाज्या द्या. यादीत भाजी म्हणून मॅकरोनी-चीज होतं. पालेभाजी होती, तीत डुकराच्या मांसाचा तुकडा. शेवटी मी मक्याची भरड, तळलेली भेंडी आणि रताळं घेतलं. भेंडी उत्तम होती. भाजणी, गोडा मसाला आणि मोदकाची पिठी आणायला महिन्यातून एकदा अटलांटाची फेरी असते आणि गणपतीलाही तिथल्या महाराष्ट्र मंडळात. घरचा गणपती बादलीत. मोटेल चालवणारे एक गुजराती काका पंचेचाळीस वर्षांपासून इथे आहेत. त्यांना विचारलं, गाव आवडायला किती दिवस लागले? ते म्हणाले, "आवडायचा प्रश्नच नव्हता. मोटेल स्वस्तात मिळत होतं, कारण लोक सोडून चालले होते."

पुलाविषयी एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही, कारण भाचेसुनेनेही मला ती पहिल्या दिवशी सांगितली नव्हती. दक्षिणेच्या टोकाला तीन पुतळे आहेत. १९०६ मध्ये एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला बलात्काराच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुरावा तकलादू होता. नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स या दोन कृष्णवर्णीय वकिलांनी थेट सर्वोच्च न्यायालयातून स्थगिती मिळवली. त्याच रात्री, १९ मार्चला, जमावाने तुरुंग फोडला, जॉन्सनला या पुलावर आणलं आणि लोखंडी तुळईला लटकावलं. शेरीफने अडवलं नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर स्वतः खटला चालवला. त्या न्यायालयाच्या इतिहासातला असा एकमेव फौजदारी खटला. १९०९ मध्ये शेरीफला नव्वद दिवसांची कैद झाली. सुटून आल्यावर गावाने त्याचं वीरासारखं स्वागत केलं. दोन्ही वकिलांना मात्र गाव कायमचं सोडावं लागलं. जॉन्सनची शिक्षा २००० मध्ये रद्द झाली आणि स्मारक २०२१ मध्ये उभं राहिलं. त्याच काठावर थोडं पुढे रॉसेस लँडिंग आहे. १८३८ मध्ये चेरोकी लोकांना ज्या ठिकाणांहून पश्चिमेकडे हाकललं, त्यांतलं हे एक. मत्स्यालयाच्या बाहेरच्या अंगणात मुलं ज्या पाण्याच्या पायऱ्यांवर खेळतात, त्या चेरोकींच्या आठवणीसाठी केलेल्या आहेत.

एकदा मी हट्टाने शहराची साधी बस पकडली. शेजारी एक कृष्णवर्णीय बाई होत्या, साठीच्या, इस्पितळाच्या मुदपाकखान्यात काम करणाऱ्या. पूल बघितला का, असं मी उत्साहाने विचारलं. त्या म्हणाल्या, "माझी आई कधी त्यावरून चालली नाही. कुणी मना केलं नव्हतं, आम्हीच जात नव्हतो." मग खिडकीबाहेर बोट केलं. नदीपलीकडे जिथे त्यांची मावशी राहायची, तिथे आता कॉफीची दुकानं आहेत. त्या स्वतः दोनदा भाडं वाढल्यावर राज्याच्या हद्दीजवळ राहायला गेल्या होत्या. कामावर यायला दोन बस. "इंटरनेट चांगलं आहे," त्या म्हणाल्या आणि हसल्या. टोमणा होता की खरंच कौतुक, हे मला ओळखता आलं नाही.

भाच्याशी यावर बोलले तेव्हा तो जरा घुश्शात म्हणाला, "मग आम्ही यायचं नव्हतं का?" त्याने घर घेतलं ते डेट्रॉइटचं घर विकून. त्याच्यानंतर आलेले कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कचे भाव मनात धरून येतात आणि घर बघून दुसऱ्या दिवशी सही करतात. त्याचा तक्ता आज पुन्हा केला तर घराच्या रकान्यात चॅटनूगाचे गुण घसरतील, हे त्याला माहीत आहे. मी परतल्यावर, एप्रिल २०२५ मध्ये, चॅटनूगा उत्तर अमेरिकेतली पहिली 'नॅशनल पार्क सिटी' झाल्याची बातमी त्याने अभिमानाने पाठवली. खाली भाचेसुनेने एवढंच लिहिलं होतं: आता आणखी येतील.

निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, नातीचा तबल्याचा तास होता. गुरुजी पुण्यात. इथे साडेआठ म्हणजे तिथे संध्याकाळचे सहा. कायदा रंगात आला होता आणि एकदम पडद्यावर गुरुजींचा हात हवेत थांबला. नात म्हणाली, "आजी, तुमच्याकडचं गेलं." आम्ही वाट बघत बसलो. तेवढ्यात रस्त्यावर सामानाचा मोठा ट्रक आला. समोरचं घर महिन्याभरापूर्वीच विकलं गेलं होतं. तिशीतलं जोडपं उतरलं, सोबत एक कुत्रं आणि तीन सायकली. मुलगी दारात उभी राहून फोनवर कुणाला तरी विचारत होती, की ईपीबीचा माणूस आजच येईल का.

शेजारचे आजोबा खुर्चीतून उठले. कागदी पिशवीत बागेतले टोमॅटो घेतले आणि सावकाश रस्ता ओलांडला. जाता जाता ट्रकच्या अंगावरून त्यांनी बोट फिरवलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि पँटला पुसलं. मग पिशवी पुढे करून त्यांनी त्या मुलाला विचारलं, "शाळा कुठली तुझी?"